डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) पॅनेलवरचे कस्टमर फॉल्ट इनपुट: खोटा अलार्म कसा शोधावा आणि गप्प बसलेले इनपुट कसे पकडावे

पॅनेलवर ‘डिझेल कमी’ असे येते आणि टाकीत पट्टी घालून पाहावे तर टाकी अर्धी भरलेली. किंवा ऐन हंगामात लाइन गेलेली, डीजी लोडवर चालू, आणि ‘कॅनॉपी (डीजीभोवतीची बंद पेटी) तापली’ म्हणून तो झटक्यात बंद पडतो; जिनिंगच्या रोलरवर कापूस तसाच अडकून राहतो. अशा वेळी ऑपरेटरचा पहिला हात रीसेटवर जातो. तीनदा रीसेट करून भागले नाही की कोणीतरी वायरचा तुकडा टाकून ते इनपुट बांधून टाकतो. डीजी चालू होतो, काम निघते, आणि तो तुकडा पुढची चार वर्षे तिथेच राहतो. असा तुकडा टाकावा लागू नये, म्हणून हे सगळे लिहिले आहे.

लूब ऑइलचे प्रेशर, इंजिनचे तापमान, ओव्हरस्पीड ही संरक्षणे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेली असतात. त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्याशिवाय कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेलमधल्या डीजी चालवणाऱ्या-थांबवणाऱ्या यंत्रावर, काही टर्मिनल मोकळी ठेवलेली असतात; हीच कस्टमर फॉल्ट इनपुटे. त्यांवर पॅनेल बनवणारा किंवा मालक आपल्या गरजेप्रमाणे काहीही जोडतो: डिझेलच्या टाकीचा फ्लोट (तरंगणाऱ्या गोळ्याचा स्विच), कॅनॉपीतला तापमानाचा स्विच, रेडिएटरच्या पाण्याची पातळी, बॅटरी चार्जर बंद पडल्याचा रिले (विजेने उघडणारा-मिटणारा स्विच), आगीच्या अलार्मचा कॉन्टॅक्ट, डिझेल गळतीच्या ट्रेमधला फ्लोट. स्क्रीनवर दिसणारे नावही कोणीतरी लॅपटॉपवरून टाइप केलेले असते. पॅनेलला डिझेल कळत नाही, आग कळत नाही. त्याला एवढेच कळते की अमुक टर्मिनल निगेटिव्हला जोडलेले आहे की सुटलेले. ‘डिझेल कमी’ ही अक्षरे म्हणजे त्या टर्मिनलला चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठी चुकीच्या टर्मिनलला लागलेली असू शकते, हे शोधणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावे.

बहुतेक कंट्रोलरांत जोडणी अशी असते: इनपुटच्या टर्मिनलवर कंट्रोलर आतूनच थोडा व्होल्टेज ठेवतो. तिथून एक वायर फ्लोटपर्यंत किंवा स्विचपर्यंत जाते, स्विचच्या दुसऱ्या टोकाकडून परतीची वायर बॅटरीच्या निगेटिव्हला येते. स्विच मिटला, म्हणजे जोडला गेला, की टर्मिनल शून्यावर येते, उघडला की पुन्हा वर जाते. स्विचचा कॉन्टॅक्ट कोरडा असावा लागतो, म्हणजे त्यावर बाहेरून कुठलाही व्होल्टेज आलेला चालत नाही. चुकून २३० व्होल्ट या टर्मिनलवर गेला तर कंट्रोलर जळतो, आणि तो दुरुस्त होण्यापेक्षा बदलावा लागण्याचीच शक्यता जास्त. काही जुन्या पॅनेलांत पॉझिटिव्ह दिल्यावर चालणारी इनपुटेही असतात, म्हणून पहिल्यांदा वायरिंगचा नकाशा पाहा.

इनपुटमागची सेटिंगे

बऱ्याच तक्रारी वायरीत नसून सेटिंगात सापडतात. म्हणून मल्टीमीटर उचलण्याआधी हे समजून घ्या.

पहिले सेटिंग पोलॅरिटीचे. डीप सी कंपनीच्या ७३ मालिकेसारख्या कंट्रोलरांत ‘क्लोज टू ॲक्टिव्हेट’ आणि ‘ओपन टू ॲक्टिव्हेट’ असे दोन पर्याय मिळतात. इतरांत नावे थोडी वेगळी. पहिल्यात कॉन्टॅक्ट मिटला की अलार्म, दुसऱ्यात उघडला की अलार्म. यातले कोणते निवडायचे हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: उंदराने ही वायर मधेच कुरतडली तर काय होईल? क्लोजवर चालणाऱ्या इनपुटाची वायर तुटली तर काहीच होत नाही. स्क्रीन स्वच्छ, दिवा हिरवा, आणि संरक्षण मेलेले. ओपनवर चालणाऱ्याची वायर तुटली तर लगेच अलार्म येतो. तो खोटा असला तरी माणूस धावत येतो आणि तुटलेली वायर सापडते. ज्या इनपुटावर मशीन किंवा माणसाचा जीव अवलंबून आहे ते ओपनवर ठेवावे. नुसत्या सूचनेसाठी असेल ते क्लोजवर चालेल. खोट्या ट्रिपला कंटाळून ओपनचे क्लोज करून टाकणे हा सगळ्यात वाईट उपाय आहे. त्याने त्रास दिसेनासा होतो, इतकेच.

पोलॅरिटीत आणखी एक गोंधळ होतो. स्विचवर छापलेले एनओ (नेहमी उघडा) आणि एनसी (नेहमी मिटलेला) हे स्विच मोकळा, टेबलावर पडलेला असतानाचे असते. टाकी भरलेली असताना फ्लोट वर उचलला जातो, म्हणजे रोजच्या कामात तो ‘मोकळ्या’ अवस्थेत नसतोच. त्यामुळे एनओ वाचून जोडलेला फ्लोट भरल्या टाकीत मिटलेला असतो. छापील अक्षरांवर न जाता, टाकी भरलेली असताना मीटर लावून काय दाखवते ते पाहा आणि त्यावर पोलॅरिटी ठरवा. दांड्यावर सरकणाऱ्या लोहचुंबकाच्या फ्लोटांत तर गोळा काढून उलटा घातला की एनओचा एनसी होतो. टाकी धुतल्यावर गोळा उलटा बसवला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून अलार्म सुरू झाला, असे नेहमी घडते.

दुसरे सेटिंग ॲक्शनचे. वॉर्निंग म्हणजे नुसता बझर आणि संदेश, डीजी चालूच. इलेक्ट्रिकल ट्रिप म्हणजे आधी ब्रेकर उघडून लोड काढायचा, इंजिन थोडा वेळ रिकामे चालवून थंड करायचे आणि मग थांबवायचे. शटडाउन म्हणजे तिथल्या तिथे बंद. टर्बो असलेले इंजिन पूर्ण लोडवरून असे थांबले की टर्बो अजून तापलेला आणि फिरत असतानाच त्याचा ऑइलपुरवठा तुटतो. हे वारंवार झाले की त्याचे बेअरिंग खराब होते. म्हणून आग, इमर्जन्सी स्टॉप आणि रेडिएटरचे पाणी जाणे सोडले तर बाकीच्यांना शटडाउन लावायची घाई करू नये. डिझेलसाठी दोन टप्पे बरे: पाव टाकीला वॉर्निंग आणि साधारण दहा टक्क्यांना इलेक्ट्रिकल ट्रिप. टाकी पार कोरडी होऊ दिली तर फ्युएल लाइनमध्ये हवा शिरते आणि रात्री अंधारात एअर काढत बसावे लागते.

तिसरे आर्मिंग, म्हणजे इनपुटाकडे कंट्रोलरने कधीपासून लक्ष द्यायचे. ‘ऑलवेज’ म्हणजे डीजी उभा असतानाही. ‘फ्रॉम स्टार्टिंग’ म्हणजे सेल्फ लागल्यापासून. ‘फ्रॉम सेफ्टी ऑन’ म्हणजे इंजिनने वेग धरल्यावर आणि सुरुवातीचा ठरलेला वेळ संपल्यावर. कॅनॉपीच्या पंख्यामागचा हवेच्या दाबाचा स्विच ‘ऑलवेज’वर ठेवला तर डीजी कधीच सुरू होणार नाही, कारण उभ्या डीजीत हवा वाहतच नसते. उलट आगीचा कॉन्टॅक्ट ‘सेफ्टी ऑन’वर ठेवला तर बंद डीजीजवळ आग लागली तरी पॅनेल चूप. ‘नेव्हर’ असाही पर्याय असतो. कोणी चाचणीसाठी ठेवून विसरले असेल तर वायर, स्विच, सगळे नीट असूनही अलार्म येत नाही.

राहिला वेळ, म्हणजे ॲक्टिव्हेशन डिले. टाकीतले डिझेल कंपनाने हिंदकळते, म्हणून फ्लोटला ५ ते १० सेकंद द्या. तापमानाच्या स्विचला २ ते ५ सेकंद. इमर्जन्सी स्टॉपला शून्य.

हात लावण्याआधी

एएमएफ पॅनेल (लाइन गेली की डीजी आपोआप सुरू करणारे) ऑटोवर असेल तर लाइन जाताच डीजी आपणहून सुरू होतो, मग तुमचा हात फॅनबेल्टजवळ असो की पॅनेलात. आधी स्टॉप मोड, मग इमर्जन्सी स्टॉपचे बटण दाबून ठेवा. इंजिनजवळ काम असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबलही काढा. डीजी बंद असला तरी एएमएफ पॅनेलची मेन्सची (लाइनची) बाजू जिवंतच असते, तिथे ४१५ व्होल्ट असतात. शक्य असेल तर मेन्सचा आयसोलेटर पाडा. नसेल तर ती बाजू झाकून ठेवा. सीटीच्या (करंट मोजण्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या) वायरी कोणत्याही कारणाने सोडू नका. लोडवर असताना सीटीची दुय्यम बाजू उघडी पडली तर तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काम असेल तर डीजी बंद ठेवण्याआधी तिथल्या सिस्टरना सांगा. लसींचा फ्रिज २ ते ८ अंशांतच राहावा लागतो आणि लाइन कधी जाईल याचा नेम नसतो.

रीसेट दाबण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या. मग इव्हेंट लॉग उघडा आणि सगळ्यात आधी कोणता संदेश आला ते पाहा. डीजी एका कारणाने बंद पडला की त्यामागून आणखी तीनचार अलार्म रांगेने येतात, आणि ऑपरेटर नेमका शेवटचा सांगतो. वेळही टिपा. कंट्रोलरचे घड्याळ चुकलेले असेल तर किती चुकले ते लिहून मग दुरुस्त करा, नाहीतर लॉगचा मेळ लागणार नाही. एकच अलार्म रोज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येत असेल तर उष्णतेकडे बघा. सेल्फ मारतानाच येत असेल तर बॅटरीकडे. पाऊस पडून गेल्यावर येत असेल तर जंक्शन बॉक्सकडे.

आणखी एक: लॅच झालेला, म्हणजे रीसेट करेपर्यंत टिकून राहणारा, अलार्म कारण गेल्यावरच रीसेट होतो. रीसेट होत नाही याचा अर्थ कंट्रोलर बिघडला असा नाही. इनपुट अजून त्याच अवस्थेत आहे, एवढाच.

वायर अर्ध्यात सोडून शोधणे

सामान थोडेच लागते: डिजिटल मल्टीमीटर, मीटरभर जंपर वायर, ३ मिमीचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, फेरूल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आणि ती दाबायचा क्रिंपिंगचा पाना, चिकटपट्टी आणि पेन. पहिले माप बॅटरीचे. चार्जर बंद करून, थोडा वेळ थांबून १२ व्होल्टची बॅटरी १२.४ च्या वर हवी, २४ व्होल्टची जोडी २४.८ च्या वर. याखाली असेल तर आधी बॅटरी. कमी व्होल्टेजवर घेतलेली पुढची मापे फसवी निघतात.

आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब कंट्रोलरच्या निगेटिव्ह टर्मिनलवर लावा, इंजिनच्या बॉडीवर नको. लाल प्रोब संशयित इनपुटावर. कॉन्टॅक्ट मिटलेला असेल तर शून्याच्या अगदी जवळ दिसेल. उघडा असेल तर त्या कंट्रोलरचा नेहमीचा वरचा व्होल्टेज दिसेल. तो मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, म्हणून शेजारच्या मोकळ्या इनपुटावर मोजून तुलना करा. ना वर ना खाली, मधेच कुठेतरी आकडा अडकला असेल तर तीच खरी खूण. सांधा गंजला आहे किंवा ओल शिरून वायरींमधून गळती होते आहे. अशा मधल्या व्होल्टेजवर कंट्रोलर कधी हो म्हणतो, कधी नाही.

त्यानंतर इनपुटाची वायर कंट्रोलरच्या टर्मिनलवरून सोडा आणि सोडण्याआधी तिच्यावर नंबराची चिठ्ठी लावा. आता टर्मिनल मोकळे आहे. स्क्रीनवर इनपुटांची स्थिती दाखवणारे पान असेल तर ते उघडा, नसेल तर लॅपटॉपवर. जंपरने टर्मिनल निगेटिव्हला टेकवा, सोडा, पुन्हा टेकवा. स्थिती दरवेळी बदलली आणि डिले संपल्यावर सेटिंगाप्रमाणे अलार्म आला-गेला, तर कंट्रोलर निर्दोष आहे. शोध बाहेर करायचा. स्थिती बदलते पण अलार्म येत नाही, तर सेटिंग चुकलेले आहे; आर्मिंग आणि पोलॅरिटी पाहा. आर्मिंग ‘सेफ्टी ऑन’ असेल तर उभ्या डीजीवर अलार्म येणारच नाही, हे विसरून कंट्रोलरला दोष देऊ नका. स्थितीच बदलत नसेल तर ते इनपुट मेले आहे. वायर दुसऱ्या मोकळ्या इनपुटावर हलवा आणि सेटिंगही तिथे हलवा. एका इनपुटासाठी अख्खा कंट्रोलर बदलायची गरज नसते.

बाहेरच्या बाजूला मीटर ओहमवर ठेवा. सोडलेली वायर आणि तिची परतीची वायर यांच्यामध्ये मोजा. परतीची वायरही सोडलेली असू द्या, चालू सर्किटवर ओहम मोजू नयेत. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ते १३ ओहम असतो. टाकी १०० मीटर लांब असेल तर जाऊन येऊन २०० मीटर, म्हणजे अडीच ओहमच्या आसपास. मिटलेल्या कॉन्टॅक्टसह पाच ओहमच्या आत आले तर ठीक. ५०, २०० असे आकडे दिसले किंवा वायर हलवताना आकडा नाचला तर सांधा खराब. उघडा असताना मीटरने काहीच दाखवू नये. काही हजार ओहम दाखवत असेल तर ओल आहे.

दोष नेमका कुठे ते शोधायला टोकापर्यंत पळू नका. मधल्या जंक्शन बॉक्सवर जा आणि तिथे वायर सोडून दोन्ही बाजू वेगळ्या मोजा. जी बाजू वाईट तिचा पुन्हा मध्य गाठा. दोन-तीन फेऱ्यांत दोष हातभर लांबीत येतो. शेवटी स्विच: फ्लोट हाताने वर-खाली करा, तापमानाचा स्विच गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत धरून कितीवर टक होते ते पाहा. पाण्यात फक्त बल्ब (तापमान ओळखणारे टोक) बुडवायचा, टर्मिनल नाही. १०० अंशांवरचे सेटिंग पाण्यात तपासता येत नाही हेही लक्षात असू द्या.

कधी येतो, कधी जातो

हा प्रकार सगळ्यात जास्त वेळ खातो, कारण मोजायला गेले की सगळे ठीक दिसते.

सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो. मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा मोड) ठेवून सेल्फ मारा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ९ च्या खाली गेला तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा सेल्फची केबल यांपैकी काहीतरी दुबळे आहे. त्या क्षणी त्याच बॅटरीवर चालणारा मधला रिले सुटू शकतो; सुटला की त्याचा कॉन्टॅक्ट उघडतो, आणि ओपनवरचे इनपुट अलार्म देते. आर्मिंग ‘सेफ्टी ऑन’ केले किंवा दोन सेकंदांचा डिले दिला की तक्रार जाते, पण खरा दोष बॅटरीचाच. तो तसाच ठेवला तर एक दिवस डीजी सुरूच होणार नाही.

दुसरा प्रकार लोड आल्यावरच दिसतो. इनपुटाची वायर ४१५ व्होल्टच्या केबलसोबत एकाच चरात शेकडो फूट टाकलेली असते आणि तिच्यात एसी उतरतो. मीटर एसीवर ठेवून इनपुट ते निगेटिव्ह मोजा. लोड नसताना शून्य आणि लोड आल्यावर काही व्होल्ट, म्हणजे हेच कारण. वायर निदान ३०० मिमी दूर न्या. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. पिळलेली शील्डेड जोडी वापरा आणि शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोके अर्थ केली तर शील्डमधूनच करंट वाहू लागतो. नवीन चर खणणे शक्य नसेल तर लांबच्या कॉन्टॅक्टवर १२ किंवा २४ व्होल्टचा रिले चालवा. रिले पॅनेलमध्ये बसवा आणि त्याचा कोरडा कॉन्टॅक्ट इनपुटाला द्या. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड लावा. पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. उलटा लागला तर फ्यूज जाईल.

परतीची वायर वाचवण्यासाठी टाकीजवळ खड्ड्यातल्या अर्थला जोडलेले स्विच बरेच दिसतात. जमिनीतल्या दोन अर्थांमध्ये लोडप्रमाणे व्होल्टेजचा फरक पडतो. वैशाखात जमीन वाळून भेगाळली की अर्थचा रोध वाढतो आणि तो फरकही वाढतो. पावसाळ्यात नीट चालणारे इनपुट उन्हाळ्यात वेड्यासारखे वागते ते यामुळे. परतीची वायर थेट कंट्रोलरच्या निगेटिव्हपर्यंत आणा.

एक कारण सहसा सुचत नाही. इनपुटातून वाहणारा करंट अगदी थोडा, मिलिअँपिअरमध्ये असतो. मोठ्या कॉन्टॅक्टरचा दहा अँपिअरचा सहायक कॉन्टॅक्ट इतक्या कमी करंटवर वापरला तर त्यावरचा काळा थर जळून साफ होत नाही आणि काही महिन्यांनी कॉन्टॅक्ट मिटूनही जोडला जात नाही. पॉलिश पेपरने घासला की महिनाभर चालतो, मग पुन्हा तेच. अशा जागी कमी करंटसाठी बनवलेला, सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा रिले घ्या. किंमत थोडी जास्त, फेऱ्या मात्र वाचतात.

आपल्याकडची खास कारणे

हिंगणघाट, वणी, यवतमाळच्या पट्ट्यात जिनिंगजवळ उभ्या डीजीच्या कॅनॉपीच्या जाळ्या रुईच्या तंतूंनी भरतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिलचा कोंडा तेच करतो. आता हिशेब करा. कॅनॉपीचा स्विच ६० अंशांवर लावला आहे आणि मे महिन्यात चंद्रपुरात, अकोल्यात बाहेरच ४५-४६ आहे. हातात उरले १४-१५ अंश. जाळी अर्धी बंद झाली की तेवढे केव्हाच संपतात. म्हणजे हा अलार्म खोटा नाही. स्विच ७५ वर सरकवला की डीजी बंद पडायचा थांबेल आणि आतली वायरिंग, होज, ऑल्टरनेटरचे इन्सुलेशन भाजत राहील. हंगामात जाळ्या आणि रेडिएटर रोज संध्याकाळी, डीजी बंद आणि थंड असताना, आतून बाहेरच्या दिशेने हवा मारून साफ करा. सेटिंगाला हात लावायचाच असेल तर डीजी बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेतच.

सोयाबीन निघून शेत मोकळे झाले की उंदीर शेडकडे वळतात. पीव्हीसी पाइप ते कुरतडतात. इनपुटाच्या वायरी जीआय पाइपातून न्या, पॅनेलच्या बुडाशी केबलला बसेल त्याच मापाचे ग्लँड (केबल आवळून भोक बंद करणारे नट) वापरा, मोकळी भोके बंद करा. पॅनेलच्या आसपास विषाच्या गोळ्या टाकू नका. उंदीर पॅनेलातच जाऊन मरतो आणि पुढचा बिघाड तो करतो. पंख्याजवळच्या दाबाच्या स्विचच्या बारीक नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. मीटरने सगळे ठीक दाखवले आणि तरी अलार्म जात नसला तर ती नळी काढून फुंकर मारून पाहा.

पावसाळ्यात जंक्शन बॉक्सचे केबल वरून घेऊ नका, खालून घ्या. वरून घेतलेच असेल तर आत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी त्या वळणावरून टपकून जाते. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा गाळ साचतो आणि फ्लोट चिकटतो. दर तीन महिन्यांनी ड्रेन कॉक उघडून तळ काढा आणि त्याच दिवशी फ्लोट हलवून अलार्म येतो का पाहा.

न बोलणारे इनपुट

खोटा अलार्म त्रास देतो म्हणून त्याच्याकडे लक्ष जाते. मेलेले इनपुट कोणाला त्रास देत नाही. म्हणून वर्षातून दोनदा, कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, प्रत्येक इनपुट प्रत्यक्ष जागेवरून वाजवून पाहा. पॅनेलात जंपर लावून नाही. फ्लोट हाताने हलवून, स्विच तापवून, आगीच्या पॅनेलवरून टेस्ट देऊन. जंपरने फक्त कंट्रोलर तपासला जातो, मधली शंभर मीटर वायर तशीच राहते. आगीच्या पॅनेलमध्ये आगीचा आणि त्या पॅनेलच्या स्वतःच्या बिघाडाचा असे वेगळे रिले असतात. वायर चुकून बिघाडाच्या रिलेवर असेल तर आगीची टेस्ट दिल्यावर काहीच होणार नाही, तेव्हाच ते कळते. ज्यांचे आर्मिंग ‘सेफ्टी ऑन’ आहे ती डीजी चालू करून तपासा. शटडाउनची चाचणी लोडवर घेऊ नका, लोड काढून घ्या.

कंट्रोलर बदलल्यावर

नवीन कंट्रोलर कारखान्याच्या सेटिंगसह येतो. जुनी फाइल त्यात टाकली नाही तर डिझेलच्या फ्लोटची वायर जिथे येते ते इनपुट नव्यात दुसऱ्याच कामाला लावलेले असू शकते. बऱ्याच कंट्रोलरांत एक इनपुट रिमोट स्टार्टसाठी ठेवलेले असते. तिथे फ्लोट आला तर त्याचा कॉन्टॅक्ट मिटला की डीजी आपणहून सुरू होऊ शकतो, आणि जवळ माणूस काम करत असेल तर अनर्थ. म्हणून बदलण्याआधी जुन्यातली फाइल लॅपटॉपवर उतरवा, नावात डीजीचा नंबर आणि तारीख घाला, एक प्रत मालकाच्या पेनड्राइव्हवर द्या. जुना पार मेला असेल आणि फाइल नसेल तर सगळी इनपुटे सोडून ठेवा, प्रत्येक वायर कुठून येते ते शोधा आणि एकेक जोडून वाजवा. सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी.

रात्री रुग्णालयात डीजी चालवणे भागच पडले आणि कॅनॉपीचा स्विच बिघडला असे मापाने सिद्ध झाले, तर त्या इनपुटाची ॲक्शन शटडाउनवरून वॉर्निंगवर आणा. वायर बांधू नका. वॉर्निंगमध्ये निदान स्क्रीनवर दिसत राहते. डीजीजवळ माणूस बसवा. दर पंधरा मिनिटांनी त्याने कॅनॉपीतले तापमान पाहून लिहावे. पॅनेलवर लाल चिठ्ठी लावा: काय बदलले, कोणी, किती वाजता. सकाळी पहिले काम तो स्विच बदलून सेटिंग मागे नेणे. आग, इमर्जन्सी स्टॉप आणि रेडिएटरचे पाणी यांना ही सवलत नाही. ती बिघडली असतील तर डीजी बंद आणि दुसरा मागवायचा.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवा. त्यावर एकेका ओळीत: इनपुटाचे अक्षर, टर्मिनल नंबर, वायरचा नंबर, स्विच कुठे आहे (‘शेडच्या मागे, मोठ्या टाकीवर’ इतके स्पष्ट), ओपन की क्लोज, ॲक्शन, आर्मिंग, डिले, नीट असताना टर्मिनलवर दिसणारा व्होल्टेज आणि शेवटची चाचणी कधी झाली. बॉलपेनने लिहा, स्केच पेनची शाई एका उन्हाळ्यात उडून जाते.